मुखत्यार आणि वारस

गाजलेल्या कादंबरीवरून चित्रपट निघाला की वाचक आणि प्रेक्षक यांच्यातला एक जुना वाद नव्याने डोके वर काढतो, आणि बहुधा चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरता उतरताच, पुस्तकाची सर त्याला आली नाही, एवढ्या एका वाक्यात तो निकालात निघतो. इतक्या घाईने निकाली काढावा असा तो वाद नाही. कारण एका कलेत जन्मलेली वस्तू दुसऱ्या कलेत जाताना तिचे काय टिकते, काय गळते आणि जे गळते ते गळू देण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. पुढील संवादातले दोघे या वादाच्या दोन बाजूंना आयुष्यभर उभे राहिलेले आहेत. नानांची हयात दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात गेली. शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाल्यापासून ते तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचे चिटणीसपद निष्ठेने सांभाळीत आहेत. अप्पांनी कोल्हापुरात उमेदवारी केली आणि पुढे मुंबईत चित्रपट-संकलनाच्या मेजावर उमेदीची वर्षे घालविली. दोघांचा स्नेह जुना, आणि मतभेदही तितकाच जुना.

नाना : अप्पा, माझी तक्रार चित्रपट वाईट निघतात अशी नाही, उत्तम निघालेला चित्रपटसुद्धा वाचकाचे काहीतरी हिरावून नेतो, अशी आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, आणि पुढे ज्या ज्या घरात ते पुस्तक वाचले गेले त्या त्या घरातल्या मुलाने श्यामच्या आईला आपल्या आईचा, आजीचा किंवा अकाली गेलेल्या एखाद्या मावशीचा चेहरा दिला. १९५३ साली आचार्य अत्र्यांचा चित्रपट आला. वनमालाबाईंनी ती भूमिका इतक्या सात्त्विक संयमाने वठविली, आणि माधव वझ्यांचा श्याम इतका निर्व्याज निघाला, की त्यांच्याविरुद्ध एक अक्षर काढण्याची माझी छाती नाही. परंतु त्या दिवसापासून हजारो चेहऱ्यांची ती आई एका चेहऱ्याची झाली. लेखकाने जी जागा वाचकासाठी मोकळी सोडली होती, तिच्यावर कोणाचा तरी कायमचा कब्जा बसला. ही नुकसानी कोणत्या खात्यात मांडायची?

अप्पा : नाना, ज्यांच्या पदरात ते पुस्तक कधी पडणारच नव्हते त्यांचाही हिशोब त्याच खात्यात मांडा. १९५१ च्या जनगणनेत देशातले साक्षरतेचे प्रमाण शेकडा अठराच्या आसपास होते. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून तिने तो चित्रपट पाहिला, आणि पुस्तक वाचून तुम्हांला जे मिळाले ते तिला तिथे मिळाले. शिवाय ते पुस्तक मुळात सांगितलेली गोष्ट आहे. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, म्हणून त्याच्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे. ऐकण्यासाठी जन्मलेली गोष्ट अत्र्यांनी पुन्हा ऐकणाऱ्यांच्या, पाहणाऱ्यांच्या स्वाधीन केली. पहिल्याच वर्षीचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळाले; पण त्या पदकाहून मला तंबूतल्या बायकांनी पुसलेले डोळे अधिक मोलाचे वाटतात.

नाना : त्या डोळ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तरीही ‘सांगितलेली गोष्ट’ असे तुम्ही म्हणालात, त्याच ठिकाणी मला अडखळायला होते. श्याम सांगतो तेव्हा तो मोठा झालेला आहे आणि आई या जगात नाही. न्हाऊन आलेल्या मुलाने ओल्या पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरावा, आईने त्याच्या पायांखाली आपले लुगडे पसरावे, आणि पायांसारखेच मनालाही घाण लागू नये म्हणून जप, असे सांगावे. हा प्रसंग घडला तेव्हा तो मुलाचा हट्ट होता. सांगितला जातो तेव्हा मात्र तो पश्चात्ताप आहे, ऋण आहे, आणि ते फेडायला आता कोणी उरले नाही याची जाणीव आहे. पुस्तकाच्या प्रत्येक पानावर असे दोन काळ एकावर एक पसरलेले असतात. पडद्यावर जे दिसते ते आत्ता घडते. पार्श्वनिवेदनाने तुम्ही कितीही बजावलेत की हे फार पूर्वीचे आहे, तरी डोळ्यांसमोरचा मुलगा आत्ताच लहान आहे आणि आई आत्ताच जिवंत आहे. चित्रपटाला वर्तमानाखेरीज दुसरा काळ चालवता येत नाही.

अप्पा : हे तुमचे म्हणणे मी मान्य करतो, आणि संकलकाइतके ते दुसऱ्या कोणाला जाणवत नसेल. फिल्मचा तुकडा हातात घेतला की तो भूतकाळ सांगत नाही. तो दाखवतो, आणि दाखवणे नेहमी आत्ताचे असते. म्हणूनच मी म्हणतो की कादंबरीचा चित्रपट हा तिचा तर्जुमा नव्हे. ज्या भाषेला भूतकाळाची क्रियापदेच नाहीत तिच्यात तुम्ही शब्दाला शब्द कसा ठेवणार? दिग्दर्शकाला काही निराळे उभे करावेच लागते.

नाना : निराळे किती, आणि कोणाच्या परवानगीने, हाच तर मुद्दा आहे. मी आयुष्यभर दस्तऐवज पाहिले, म्हणून त्याच भाषेत बोलतो. कादंबरी पडद्यावर आणणारा माणूस माझ्या मते मूळ लेखकाचा मुखत्यार असतो. मुखत्यारपत्राने त्याला व्यवहाराचे पुष्कळ अधिकार मिळतात; तो सही करू शकतो, ताबा घेऊ शकतो, सोयीनुसार देवघेव करू शकतो; परंतु जे काही करील ते धन्याच्या नावाने आणि धन्याच्या हितासाठी. धन्याच्या नावावर स्वतःची इस्टेट वाढवू लागला तर ती अफरातफर होते.

अप्पा : आणि माझ्या मते तो मुखत्यार नव्हे, वारस आहे. वडिलांच्या शेतात वडिलांनी ज्वारी पेरली म्हणून मुलाने ज्वारीच पेरली पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. जमीन ओळखावी, तिचा कस राखावा, आणि आपल्या काळाला जे पीक मानवेल ते घ्यावे. मुखत्याराला चूक न करण्यातच धन्यता वाटते. अशा धास्तीने काढलेले चित्रपट मी संकलनाच्या मेजावर पाहिलेले आहेत. प्रसंग सगळे जागच्या जागी, संवाद पुस्तकातले, पोशाख बिनचूक, आणि दोन तास उलटले तरी पडद्यावर एकही क्षण जिवंत होत नाही.

नाना : निर्जीव निष्ठेची वकिली मी करत नाही. उदाहरणावरच येऊ. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची, अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ चा. मध्ये चाळीस वर्षे. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर मास्तरकीचा हुकूम घेऊन पोरसवदा राजाराम सौंदणीकर जातो, शाळा मांडतो, कारभाऱ्याचा विश्वास मिळवतो, त्याच्या खटपटीने आणि गावाच्या श्रमाने तालीम उभी राहते, आणि पुढे दुष्काळ येऊन सारी वाडी उठून जाते. एवढेच कथानक. आता त्या पुस्तकाची खरी शक्ती कशात आहे? मला वाटते, लेखक जे बोलत नाही त्यात आहे. एका मेंढराबद्दल तो दोन वाक्ये लिहितो तेव्हा वाचकाच्या डोळ्यांपुढे फक्त ते मेंढरू असते. आभाळ नाही, खोपट नाही, मास्तराच्या चेहऱ्यावरची करुणा तर मुळीच नाही. पडद्यावर मेंढरू दाखवायचे तर त्यामागचा माळ, त्यावरचे ऊन, शेजारच्या माणसाचे धोतर हे सारे न बोलावता येऊन उभे राहते. लेखकाला एखादी गोष्ट नुसती न उच्चारता वगळता येते. कॅमेऱ्याला ती मुभा नाही. मौन हाच ज्या लेखकाचा अलंकार, त्याचे मौन तुम्ही कसे दाखवणार?

अप्पा : फार मोलाचे बोललात, नाना. बहुतेक टीकाकार म्हणतात की चित्रपटात कादंबरीतले पुष्कळसे सुटून जाते. वास्तविक उलटेही तितकेच खरे आहे; चित्रपटात नको तितके आत येते. गाळणे ही लेखकाला सहज साधणारी गोष्ट, आणि आमच्या धंद्यातला निम्मा कारभार त्या गाळण्यासाठीच चाललेला असतो. कॅमेरा कुठे ठेवावा, उजेड कुठे पडू द्यावा, कोणता आवाज बंद करावा, तुकडा कुठे कापावा, ही सगळी न बोलण्याचीच साधने. साधने आहेत, पण लेखकाने काय लिहिले यापेक्षा काय लिहायचे टाळले, हे ती वापरणाऱ्याला आधी ठाऊक हवे. ‘बनगरवाडी’च्या चित्रपटात मला तो माळ, ती माणसांची चाल आणि उजाड होत जाणारी वाडी पाहताना हे भान दिसले. तुम्हांला दिसले नाही का?

नाना : दिसले. चित्रपट प्रामाणिक आहे, आणि वाडी उठते तो भाग पाहताना मी गलबललो, हे लपवण्याचे कारण नाही. माझे म्हणणे इतकेच की पुस्तकात मी गलबललो नव्हतो. पुस्तक मिटल्यावर बऱ्याच दिवसांनी, दुसरेच काही करत असताना, ती रिकामी शाळा मनात आली आणि मग उतरेना. चित्रपटाने जे दिले ते रोख दिले. पुस्तकाने दिले ते मुदतीने, आणि व्याजासकट.

अप्पा : मग मुदतीने देणारा चित्रपट सांगतो. रवींद्रनाथांची ‘नष्टनीड’ १९०१ ची. तिच्या आरंभीच ते सांगून टाकतात की वर्तमानपत्र चालवण्याच्या नादात भूपतीला आपली बालवधू कधी तरुण झाली याची खबरच लागली नाही. लेखकाला हे एका वाक्यात सांगता आले. सत्यजित राय यांनी १९६४ साली ‘चारुलता’ काढला, तेव्हा त्या वाक्याचे त्यांनी काय केले? दुपारची वेळ. मोठ्या घरात चारू एकटी. ती रुमालावर नवऱ्याच्या नावाचे अक्षर भरते, कपाटातून पुस्तक काढते, पुन्हा ठेवते. रस्त्यावरून माकडवाल्याचे डमरू ऐकू येते. ती दांडीची छोटी दुर्बीण शोधून आणते आणि या खिडकीतून त्या खिडकीत जात खडखड्यांच्या फटींतून रस्ता पाहते. माकडवाला, पालखी, छत्री घेतलेला एक स्थूल गृहस्थ. प्रत्येक जण दिसतो आणि नाहीसा होतो. इतक्यात भूपती आत येतो, पुस्तक उघडून वाचत वाचत तिच्या जवळून निघून जातो; ती समोर उभी आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. मग चारू तीच दुर्बीण डोळ्यांना लावते आणि दूर जाणाऱ्या नवऱ्याची पाठ पाहते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना पाहायला जे यंत्र घेतले, त्याच यंत्राने पाहावे लागावे इतका तो लांब गेलेला आहे. अवघ्या प्रसंगात सांगण्यासारखा एक शब्द नाही. रवींद्रनाथांच्या वाक्यातले एक अक्षरही रायांनी उच्चारले नाही, आणि त्यातला अर्थ एक तसूभरही ढळू दिला नाही. हे मुखत्याराचे काम आहे की वारसाचे?

नाना : हे दोघांचेही आहे, असे म्हणावे लागेल. तथापि ‘नष्टनीड’ त्रयस्थ निवेदकाची कथा आहे. जे तो बाहेरून पाहतो ते कॅमेऱ्यालाही बाहेरून पाहता येते. जिथे ‘मी’ बोलतो तिथे काय कराल? मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ घ्या. आणीबाणीच्या काळातला नववीतला जोशी, त्याची शिरोडकरवरची प्रीती, त्याचे मित्र. हे सारे सुजय डहाक्यांच्या चित्रपटात आहे, मुलांनी कामेही जीव ओतून केली आहेत, आणि त्याला मराठीतल्या उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण कादंबरी मला प्यारी झाली ती त्या प्रीतीमुळे नव्हे. जगातल्या प्रत्येक वस्तूला स्वतःची नावे देणारी, मोठ्या माणसांना तोलून पाहणारी आणि स्वतःलाही न सोडणारी जी जोशीची बोलण्याची तऱ्हा आहे तिच्यामुळे. पडद्यावर मला जोशी दिसला. जोशीच्या डोळ्यांनी पाहिलेले जग दिसेनासे झाले. आणि ‘कोसला’? नेमाड्यांच्या त्या कादंबरीला कोणी हात लावावा असे तुम्हांला तरी वाटते का?

अप्पा : नाही वाटत. जिथे भाषा हीच घटना असते, पांडुरंग सांगवीकर काय करतो यापेक्षा तो कसा सांगतो हेच जिथे कादंबरीचे सर्वस्व असते, तिथे चित्रपटाच्या हाती फक्त प्रसंगांची साल लागेल. प्रत्येक थोर कादंबरी पडद्यावर आलीच पाहिजे, असा आग्रह धरणारा मी नव्हे. उलट काही कादंबऱ्या पडद्यावर आल्यावाचून पुऱ्या उमलत नाहीत, असेही माझे म्हणणे आहे. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा रचली, आणि जब्बार पटेलांनी १९७९ साली ‘सिंहासन’ काढला. सत्तेचा कारभार एका दालनात चालत नसतो. मुख्यमंत्री एका खोलीत बसून डाव मांडतो, अर्थमंत्री दुसऱ्या खोलीत त्याला शह देतो, कामगारपुढारी तिसरीकडे आपले वजन चाचपतो, आणि ज्यांच्या नावाने हे सारे चालले ती माणसे रस्त्यावर आपल्या भाकरीच्या पाठीमागे असतात. सारे एकाच घटकेला. कादंबरीकाराला हे एकामागून एक सांगावे लागते. संकलनाची कात्री एका क्षणात या दालनातून त्या दालनात नेते. तो वेगच त्या विषयाचा आशय आहे. आणि ह्या सगळ्यांना बांधून ठेवायला त्यांनी दिगू टिपणीस ठेवला, निळू फुल्यांचा तो सर्व पाहणारा आणि काहीच करू न शकणारा पत्रकार. एवढा डाव रंगल्यावर दोन प्रतिस्पर्ध्यांनी तडजोड करावी, आणि दिगूचे भान सुटून तो वेड्यासारखा हसत सुटावा; तो शेवट पाहिल्यावर कोणाला वाटेल की कादंबरीचे काही उणे झाले?

नाना : मला वाटले नाही. किंबहुना ‘सिंहासन’च्या बाबतीत माझी काहीच तक्रार नाही, कारण दोन्ही कादंबऱ्यांतली कित्येक पात्रे गाळली गेली, प्रसंग बदलले, तरी ज्या नजरेने साधूंनी मुंबई पाहिली ती नजर शाबूत राहिली. पण आता तुमच्या वारसाहक्काची खरी कसोटी पाहू. आर. के. नारायण यांची ‘द गाइड’ १९५८ ची. साहित्य अकादमीने गौरविलेली. विजय आनंदांचा ‘गाइड’ १९६५ चा. लाखो लोकांनी डोक्यावर घेतलेला. नारायणांचे मालगुडी हे दक्षिणेकडचे लहानसे गाव. तिथल्या स्टेशनावर दुकान चालवता चालवता राजू वाटाड्या होतो, नर्तकीच्या नादी लागतो, खोट्या सहीपायी तुरुंगात जातो, आणि सुटून आल्यावर एका पडक्या देवळापाशी बसला असता खेडूत त्याला साधू समजतात. पावसासाठी उपास करण्याची पाळी त्याच्यावर त्यांच्या श्रद्धेमुळे येते. शेवटी तो कोसळतो, डोंगरात पाऊस लागल्याचे त्याला जाणवते, आणि पाऊस खरोखर आला की नाही हे लेखक सांगत नाही. चित्रपटाने मालगुडी सोडून उदयपूरचे राजवाडे गाठले, आणि शेवटी धो धो पाऊस पाडला. नारायणांनी पुढे स्वतंत्र लेख लिहून या साऱ्याबद्दलची आपली निराशा उघड केली. धन्याने स्वतः येऊन कैफियत दिली, अप्पा. आता तुमचा वारस काय म्हणतो?

अप्पा : वारस आधी कबुली देतो. तो चित्रपट मला आवडतो. वहिदाबाईंचे नृत्य, ती गाणी, देव आनंदांनी शेवटच्या भागात घेतलेले कष्ट, हे सारे मला आवडते. परंतु तो पाऊस नारायणांचा नव्हे. कादंबरी विचारते की खोटेपणाने सुरू झालेल्या साधुत्वात खरेपणा शिरू शकतो का. आणि उत्तर देण्याचे ती टाळते, कारण उत्तर दिले की प्रश्न मरतो. चित्रपटाने उत्तर देऊन टाकले. स्थळ बदलल्याबद्दल मात्र मी दोष देणार नाही. राजस्थानातही दुष्काळ पडतो.

नाना : तिथेही देऊ या. राजूचा मोठेपणा आणि त्याची लबाडी दोन्ही लहान गावाच्या मापाच्या आहेत. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात त्या गावातला एक सामान्य, गोडबोल्या माणूस पायरीपायरीने देवत्वाला पोचतो, यातच त्या कथेची मौज आणि भीती आहे. त्याला राजवाड्यांपुढे उभे केले की तो नायक होतो. आणि नायक संत झाला तर त्यात नवल कसले? स्थळ हे त्या प्रश्नाचेच अंग होते.

अप्पा : पटले. मग निकष असा मांडू का? बदल केला की नाही, हे विचारू नये. बदल मूळ प्रश्नाची धार वाढवतो की बोथट करतो, हे विचारावे. आणि याच निकषावर मी तुमच्यापुढे ‘पथेर पांचाली’ ठेवतो. विभूतिभूषणांच्या कादंबरीत अपू आणि दुर्गा आगगाडी पाहायला निघतात, पण ती त्यांना दिसत नाही. दुर्गा तापाने जाते ती आगगाडी न पाहताच, आणि पुढे गाव सोडून जाताना अपू एकटा ती पाहतो. रायांच्या १९५५ च्या चित्रपटात ती भावंडे काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावत आगगाडीपाशी जातात. पुस्तकाचा इतका मर्माचा प्रसंग फिरवला, म्हणून तुम्ही फिर्याद कराल का?

नाना : बंगालीतून आलेले ते पुस्तक मी जितक्या प्रेमाने वाचले आहे, तितक्या प्रेमाने सांगतो की प्रथम मला धक्का बसला. दुर्गेला जे लेखकाने नाकारले ते रायांनी देऊन टाकले, असे वाटले. आणि नाकारणे हेच तर त्या पुस्तकाचे दुःख होते.

अप्पा : दिले कुठे? पुन्हा पाहा. धावता धावता दुर्गा अडखळून पडते. अपू तेवढा रुळांपर्यंत पोचतो. आगगाडी पडद्यावर आली, बहीणभाऊ दोघेही तिच्यामागे धावले, आणि तरीही ती दुर्गेची झाली नाही. लिहिलेल्या कथेत न दिसलेली आगगाडी वाचकाच्या मनात धूर सोडत राहते; पडद्यावर न दिसलेली आगगाडी म्हणजे नुसता रिकामा माळ. म्हणून रायांनी ती दाखवली, आणि दाखवूनही दुर्गेपासून दूर ठेवली. दुर्गेच्या मृत्यूची वार्ता बापाला कळते तो प्रसंगही तसाच. हरिहर परगावाहून आणलेल्या वस्तू एकेक काढतो, दुर्गेसाठी आणलेले लुगडे पुढे करतो. आईचा, सर्वजयेचा, बांध फुटतो, आणि तिचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचा आर्त स्वर उठतो. शब्दही नाही आणि रडणेही नाही. विभूतिभूषणांचा संयम रायांनी असा दुसऱ्या धातूत ओतला.

नाना : मग माझा निकषही ऐका, तो तुमच्या निकषाच्या जवळ येतो, पण एक पाऊल पुढे जातो. शरच्चंद्रांच्या ‘देवदास’मध्ये पारो आणि चंद्रमुखी यांची गाठ पडत नाही. एका पुरुषासाठी झुरणाऱ्या दोघी एकमेकींना न भेटताच राहतात, हा त्या कथेचा रितेपणा आहे. १९५५ साली बिमल रॉय यांनी तो नियम मोडला; वाटेवर दोघी समोरासमोर येतात, एकमेकींकडे पाहतात आणि एक शब्दही न बोलता आपापल्या वाटेने जातात. २००२ साली संजय लीला भन्साळी यांनीही तोच नियम मोडला, आणि दोघींना एका दालनात एकत्र नाचवले. बदल एकच आहे. बिमलबाबूंनी रितेपणावर विश्वास ठेवला. दोघींना जवळ आणून तो अधिकच खोल केला. दुसऱ्या चित्रपटाची वस्त्रे, दीप, नृत्य यांची आरास डोळे दिपवते, पण मला तिच्यात रितेपणाची भीती दिसते. इतकी मोठी पोकळी प्रेक्षकाला सोसवणार नाही, असे गृहीत धरून ती भरून काढलेली. ‘गाइड’मध्ये संशयाची भीती होती, म्हणून पाऊस आला. अप्पा, मला वाटते निराशेचे मूळ इथे आहे. ज्या गुणामुळे कादंबरी अभिजात ठरली, त्या गुणाच्या लौकिकासाठी तिची निवड करायची, आणि चित्रीकरणाच्या वेळी त्याच गुणाची धास्ती घ्यायची. हा धास्तीचा बदल प्रेक्षकाला जाणवतो, मग त्याने पुस्तक वाचलेले असो वा नसो; कारण आपल्याला कमी लेखले गेले हे कोणालाही कळते.

अप्पा : नाना, हे वाक्य प्रत्येक निर्मात्याच्या कचेरीत लावावे असे आहे. आमच्या बाजूची अडचण एवढीच सांगतो की ती धास्ती निव्वळ दुर्बुद्धीची नसते. कादंबरी एका वेळी एका माणसाशी बोलते. त्याला कंटाळा आला तर तो खूण घालून पुस्तक मिटतो. चित्रपट शेकडो माणसांना अंधारात अडीच तास एकत्र बसवतो, त्यात लोकांचा पैसा गुंतलेला असतो, आणि समोरचा प्रेक्षक उठून गेला तर वितरक दुसऱ्या आठवड्यात खेळ उतरवतो. त्या भयावर मात करणारे दिग्दर्शक विरळा. परंतु त्यांनी मात केली तेव्हा प्रेक्षकाने पाठ फिरवली, असेही सरसकट दिसत नाही. ‘श्यामची आई’ला, ‘सिंहासन’ला लोकांनी आपले म्हटलेच की. विश्वास टाकला तर तो फेडणारा प्रेक्षक महाराष्ट्रात पूर्वी होता आणि आजही आहे.

नाना : आता एकच गोष्ट उरली, आणि तिच्यात माझे समाधान तुमच्याकडून होण्यासारखे नाही. शांता निसळांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून जब्बार पटेलांनी १९८२ साली ‘उंबरठा’ काढला. स्मिता पाटलांची ती सुलभा, घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होणारी आणि परतल्यावर घराला परकी झालेली, मराठी माणसाच्या स्मरणात घट्ट बसली आहे. पण तो चित्रपट जिव्हाळ्याने आठवणाऱ्यांना मी जेव्हा जेव्हा मूळ कादंबरीचे नाव विचारतो, तेव्हा फार थोड्यांना ते सांगता येते. वारस घरात नांदतो आहे आणि वडिलांचे नाव सातबाऱ्यावरून उडाले आहे. यात तुमच्या धंद्याने काय करायचे ते सांगा.

अप्पा : आमच्या धंद्याने श्रेयनामावलीत ते नाव ठसठशीत लिहायचे, त्यापुढचे काम वाचनालयाचे आहे, नाना. चित्रपटाने कादंबरीची जागा घेतली असे आपण म्हणतो, तेव्हा ती जागा आधीच रिकामी होत आलेली असते. मूळ पुस्तक छापलेले राहिले, फळीवर राहिले, शिक्षकाने वर्गात त्याचा उल्लेख केला, तर चित्रपट त्याच्याकडे नवा वाचक पाठवतो. ते मिळतच नसेल तर चित्रपटाला एकट्यालाच त्याचे ओझे वाहावे लागते, आणि मग त्याच्यातला प्रत्येक बदल मूळ मजकूर म्हणून खपतो. तुलना करणारा कोणी उरत नाही, हीच खरी हानी.

नाना : तर मग माझी फिर्याद मी अशी दुरुस्त करून घेतो. बदलाविरुद्धची माझी हरकत मागे, धास्तीविरुद्धची कायम. चेहऱ्याबद्दलची तक्रारही कायम, कारण वाचकाची ती जागा पुन्हा मोकळी होत नाही, आणि त्याबद्दल तुम्हीही मला काही देऊ शकलेला नाही. उरला प्रश्न मुखत्यार की वारस हा. मला वाटते, लेखकाने जे जाणून मौन राखले त्या बाबतीत दिग्दर्शकाने मुखत्यार असावे, आणि ते मौन पाळण्याचे मार्ग शोधण्यात वारस असावे. वाचनालयापुरते बोलायचे तर कार्यकारी मंडळाच्या येत्या सभेत मी ठराव मांडणार आहे की ज्या ज्या मराठी कादंबरीवरून चित्रपट निघाला आहे तिच्या किमान दोन प्रती संग्रही असल्याच पाहिजेत, आणि जी बाजारात मिळत नसेल तिच्या पुनर्मुद्रणासाठी प्रकाशकाकडे रीतसर अर्ज केला पाहिजे.

अप्पा : त्या अर्जावर प्रेक्षकांच्या बाजूने माझी सही घ्या. आणि प्रती आल्या की महिन्यातून एकदा कादंबरी व तिचा चित्रपट यांवर चर्चा ठेवू. पुस्तक वाचलेल्यांनी चित्रपट पाहून यावे, चित्रपट पाहिलेल्यांनी पुस्तक वाचून यावे, आणि प्रत्येक बदलाला, तो कशासाठी केला, असा एकच प्रश्न विचारावा. आरंभ ‘उंबरठा’ आणि ‘बेघर’पासूनच करू.